धर, ठोकतो

माझे सासरे जवळजवळ ठार बहिरे आहेत हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आठवडाभर विचार करत बसायच्या ऐवजी मी लगेच हो म्हटलं असतं. मैत्रिणींचे सासरे दाराआडून ऐकतात, फोनवर कोण होतं ते विचारतात. आमच्या मामंजींना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याविषयी काय काय बोलले आहे ते फक्त त्यांच्या मुलाने ऐकलं, आणि तो बिचारा बहिरा नसून बहिऱ्याचं सोंग घेतो.

मामंजी पत्र्याचं काम करतात. खाली दुकान, वर आम्ही. दुकान म्हणजे एक लांबट खोली: दाराशी कातरी आणि हातोड्या, मध्ये ओंडक्यात रोवलेली ऐरण, भिंतीला टेकवलेले कोरे पत्रे, कोपऱ्यात डाग द्यायची शेगडी. पन्हळी, धुराडी, नरसाळी, बादल्या, टपालपेट्या, पत्र्याचं जे जे होतं ते ते इथे होतं. प्लास्टिक आल्यावर बाकीच्या पत्रेवाल्यांनी गाशा गुंडाळला. मामंजींच्या पन्हळीसाठी मात्र लोक आजही दोन-दोन आठवडे थांबतात, कारण त्यांचा सांधा गळत नाही. पाणी ओतून बघायची त्यांना गरजच पडत नाही. सांध्यावरून अंगठा फिरवतात, मध्येच एका जागी थांबतात आणि म्हणतात, "ही इथे रडेल." एकदा त्यांची पाठ वळल्यावर मी खोडसाळपणे त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पन्हळ बरोबर तिथेच रडली. मी गुपचूप फडक्याने पुसून घेतलं आणि वर निघून आले.

कानांचं विचारलं तर म्हणतात, "गेले नाहीत गं, वापरून संपले." पन्नास वर्षं पत्र्यावर हातोडी पडल्यावर दुसरं काय होणार? डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचतं. नवऱ्याने हौसेने कानाचं मशीन आणून दिलं होतं. दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी ते मला खिळ्यांच्या खणात सापडलं. का, तर म्हणे त्यातून माणसं कमी आणि ताटं-वाट्याच जास्त बोलतात. तेव्हापासून काही लांबलचक सांगायचं असलं की मी खडूने कोऱ्या पत्र्यावर लिहिते. भांडायचं असलं तरीही. पण लिहून भांडण्यात मजा नाही. "तुम्ही कधीच" एवढं लिहीपर्यंत राग निम्मा उतरतो.

आता त्या शब्दांविषयी. लांब पन्हळ एकट्याने होत नाही. एकाने टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. धरणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर पत्रा हातातून उसळतो आणि बोट कापून जातो. म्हणून मामंजी हातोडी उचलली की म्हणायचे, "धर, ठोकतो." पलीकडचं टोक पस्तीस वर्षं सासूबाईंनी धरलं. त्यांच्या हातावर पत्र्याची एकही खूण नव्हती, आणि मामंजींना आपल्या सगळ्या कामात तेवढ्याच एका गोष्टीचा अभिमान होता. त्या गेल्यावर त्यांनी टोक धरायला लोखंडी शिकंजा बसवून घेतला. शिकंज्याला सांगावं लागत नाही. पण दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी मी जिन्यात होते आणि खालून आवाज आला, "धर, ठोकतो." मी तिथेच पायरीवर बसून रडले.

डाग्या त्याच महिन्यात आला. पिल्लू होतं, पावसाच्या पाण्यातून दुकानात शिरलं आणि बाकाखाली जाऊन बसलं ते बसलंच. पाठीवर काळा डाग आहे म्हणून डाग्या, असं सगळ्यांना वाटतं. मामंजींना विचाराल तर चिडतील. आमच्या धंद्यात डाग म्हणजे कलंक नव्हे, डाग म्हणजे कथलाचा सांधा, दोन तुकडे जोडणारा. हे ते मला सांगत होते तेव्हा त्यांच्या मांडीवर ते ओलं गाठोडं झोपलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

बाकाखालच्या डाग्याला वाटलं, हे "धर, ठोकतो" आपल्यालाच आहे. वाटणारच, दुकानात दुसरं होतं कोण? शब्द ऐकला की तो हनुवटी जमिनीला टेकवायचा, डोळे मिटायचा, ठणाठण अंगावरून जाऊ द्यायचा आणि मग एक मोठा उसासा टाकायचा. गिऱ्हाइकांची मात्र भंबेरी उडायची. एक नवखा गृहस्थ नरसाळं घ्यायला आला होता. बाकाखाली कुत्रा, समोर हातोडी उगारलेला माणूस, आणि तो माणूस म्हणतोय "धर, ठोकतो". त्याने धूम ठोकली. नरसाळं न्यायला दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवलं.

दिवसभर हातोडीखाली घोरणारा हा कुत्रा वरच्या घरात आला की वेगळाच. हातातून ताट पडलं, कॉटखाली. रस्त्यावर टायर फुटला, कॉटखाली. ढग गडगडले तर त्याच्या तोंडून लाळ गळायची आणि मागचे पाय लटपटायचे. मी त्याला ढोंगी म्हणायचे. ज्याला पत्र्याची ठणठण चालते त्याला ताट का चालू नये?

मग गेल्या वर्षीची ती संध्याकाळ आली. आमच्या समोर मोठं मैदान आहे आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला खेळाचा क्लब. क्लबच्या वर्धापनदिनाला ते अर्धा-पाऊण तास आतषबाजी करतात. त्याआधीच्या दोन वर्षी डाग्या त्या वेळी खाली दुकानाच्या मागच्या खोलीत होता, दार बंद, म्हणून आम्हाला काही कळलंच नव्हतं. या वेळी तो वर होता. आमची लेक सहा वर्षांची, त्याच्या शेजारी जमिनीवर चित्रं रंगवत होती. पहिला बार फुटला तसा तो उभ्या जागी उडाला. तिला वाटलं घाबरलाय, जवळ घेऊ या. तिने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दुसरा बार फुटला. तो तिच्या तळहाताला चावला. तीन टाके पडले. मी तिला उचलून पळत होते तेव्हा तो उघड्या दारातून खाली, रस्त्यावर, आणि दिसेनासा. दोन दिवसांनी तो सिमेंटच्या पाइपात सापडला, नखं रक्ताळलेली.

मामंजी त्याला उचलून घेऊन आले त्याच दुपारी मी खडू घेतला. पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "पुढच्या वर्षी हा पुन्हा असा वेडापिसा झाला, तर हा या घरात राहणार नाही." नवऱ्याच्या एका मित्राची गावाबाहेर शेती आहे, तो कुत्रा न्यायला तयार होता. मामंजींनी वाचलं. त्यांनी माझ्या लेकीचा बँडेज बांधलेला हात किती वेळ आपल्या हातात धरला होता ते मी पाहिलं होतं, त्यामुळे ते वाद घालणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याच हातातला खडू घेतला आणि खाली लिहिलं, "बरं."

मला वाटलं, विषय संपला. पण मामंजींनी वर्षभर तेच काम घेतलं.

आधी त्यांनी डाग्याला घर बांधलं. पत्र्याचं. आवाज आत जायला नको म्हणून चांगला जाड पत्रा, उतरतं छप्पर, आत गोणपाट, आणि छपराला हातभर लांबीची स्वतंत्र पन्हळ. एवढं देखणं कुत्र्याचं घर मी जन्मात पाहिलं नाही. डाग्या ऐटीत आत बसला. नवऱ्याने चाचणी म्हणून बाहेर फळी आपटली. आतमध्ये असा काही ढोल वाजला की डाग्या घर डोक्यावर घेऊनच बाहेर पडला आणि तसाच दुकानभर फिरला. मी हसून हसून ऐरणीला टेकले. मामंजी आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. "काय झालं? पत्रा तर जाड आहे." मी डोळे पुसत लिहिलं, "आत घुमतंय." त्यांनी त्या शब्दावरून अंगठा फिरवला. पत्रा वाजतो हेच ते विसरून गेले होते. त्यांच्यासाठी पत्रा मुका होऊन पंधरा वर्षं झाली होती. मग मला हसू येईना.

नंतर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू आवाजात लावा, त्या वेळी त्याला आवडीचा खाऊ द्या आणि महिन्या-दोन महिन्यांत आवाज थोडा थोडा वाढवा. मामंजींनी मन लावून ऐकलं, म्हणजे नवऱ्याने लिहिलेलं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर गेल्यावर नवऱ्याचा जुना फोन घेऊन खाली बसले. परत आलो तर गल्लीच्या तोंडापासून धडाम धुडुम ऐकू येत होतं. शेजारचा शिंपी दारात कानांत बोटं घालून उभा. मामंजी मांडीवर फोन ठेवून, हातात बिस्किट घेऊन शांत बसलेले. आवाज पूर्ण सोडलेला होता. "तू कुठे गेलास रे?" असं ते रिकाम्या बाकाखाली बघून विचारत होते. डाग्या मोरीत बादलीमागे होता.

मी हात टेकले. मामंजींनी नाही टेकले. एवढ्या फजितीनंतर दुसरा कुणी असता तर त्याने कुत्र्याला शिव्या घातल्या असत्या, नाहीतर मला. ते फक्त डाग्याकडे बघायला लागले. ऐकू न येणारा माणूस बघतो कसा ते मी तेव्हा पाहिलं. पन्हळीच्या सांध्याकडे बघतात तसंच.

मैदानाच्या पलीकडे, क्लबला लागूनच, पाण्याची जुनी टाकी पाडायचं काम चाललं होतं. एक मजूर टाकीवर उभा राहून घणाचे घाव घालायचा. संध्याकाळी मामंजी आणि डाग्या गच्चीवर बसायचे, मी कपडे काढायला जायचे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"सूनबाई, आवाज उशिरा पोचतो का गं?"

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. "त्याचा घण खाली आला बघ. आता वर चाललाय. आणि आता याचा कान हलला."

मी ऐकलं. खरंच, घण टाकीवर पडलेला दिसायचा आणि ठण्ण मागाहून यायचं. प्रकाश आधी, आवाज नंतर, हे मी शाळेत पाठ करून चांगले मार्क मिळवले होते. पण रोज त्या गच्चीवर उभी राहून मला ते कधी दिसलं नव्हतं. मी त्यांच्या डाव्या कानात ओरडले, "हो, उशिराच पोचतो."

मामंजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हणजे मला आधी कळतं," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांच्या आधी मला कळतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डाग्या ढोंगी नव्हता. त्याला ठणठणीचं भय नव्हतंच, आधी सांगून न येणाऱ्या ठणठणीचं होतं. हातोडी त्याला सांगून यायची. ताट, टायर, ढग कधी सांगून आले नाहीत. आणि सांगायचं काम तर मामंजींना अख्ख्या आयुष्यात एवढंच नीट जमलेलं. दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीवर टाकीकडे तोंड करून बसायला लागले. घण पडला की "धर, ठोकतो." डाग्या पहिले काही दिवस गोंधळला. हातोडी कुठेय? मग हळूहळू त्याची हनुवटी जमिनीला लागायला लागली. टाकी पूर्ण पडेपर्यंत तो गच्चीवर घोरत होता. पण एक घण म्हणजे आतषबाजी नव्हे, हे मी पत्र्यावर लिहून ठेवायला विसरले नाही. अट ती अट.

वर्धापनदिनाला नवरा लेकीला घेऊन तिच्या आत्याकडे गेला. मी थांबले. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा विश्वास नव्हता. शेतीवाल्या मित्राला मी दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन ये म्हणून सांगूनही ठेवलं होतं. दाराला कडी घातली.

मामंजींनी समोरच्या खोलीत खिडकीशी स्टूल ठेवलं. डाग्याला खिडकीखाली भिंतीला पाठ टेकवून बसवलं, म्हणजे त्याला उजेड दिसणार नाही, फक्त मामंजींचा चेहरा दिसेल. दिवा मालवला. नुकताच अंधार पडला होता.

पहिला अग्निबाण वर चढला. तो फुटताक्षणी मामंजी म्हणाले, "धर, ठोकतो." धडाम. डाग्या थरथरला, उठला, पुन्हा बसला. दुसरा. "धर, ठोकतो." धडाम. पाचव्या-सहाव्याला त्याची हनुवटी खाली गेली. मी दाराशी उभी होते. खिडकीच्या काचा हादरत होत्या, मला स्वतःला प्रत्येक बाराला दचकायला होत होतं, आणि तो कुत्रा डोळे मिटून पडला होता. बार एकापाठोपाठ एक यायला लागले तसे मामंजींनी शब्द आखडले. नुसतं "धर." "धर." "धर." काचेला नाक लावून, डोळ्याची पापणी न लववता. सत्तरीचा माणूस. पाणी प्यायलासुद्धा मान वळवली नाही त्यांनी.

वीसेक मिनिटं झाली असतील. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आकाशात उजेड झाला, बार आला, पण मधला शब्द आला नाही. डाग्याने डोळे उघडले. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. पुन्हा उजेड झाला, पुन्हा ओठ हलले, नुसती हवा बाहेर आली. ओरडून ओरडून त्यांचा घसा पूर्ण बसला होता. आणि त्यांना ते कळत नव्हतं. कसं कळणार? आपला आवाज ऐकल्याला त्यांना कितीतरी वर्षं झाली होती.

धडाम. डाग्या उभा राहिला. मामंजींच्या तोंडाकडे बघत होता, ते तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि काही सांगत नव्हतं. त्याचे ओठ मागे ओढले गेले, दात दिसले. गेल्या वर्षी लेकीच्या हातात रुतलेले ते दात मी विसरले नव्हते. मला काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. अट माझी, साक्षीदार मी, सकाळी जीप येणार होती, आणि मामंजी एका शब्दानेही मला दोष देणार नव्हते. खोटं कशाला बोलू, आणखी दोन बार होईपर्यंत मी उभी राहिले.

दारातून मामंजी मला एका बाजूने दिसत होते. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. उजेड झाला की ते खांदे वर उचलून, सगळा जीव लावून तो न निघणारा शब्द बाहेर ढकलत होते.

मी जाऊन डाग्यासमोर जमिनीवर बसले, तोंड खिडकीकडे. मामंजींच्या खांद्यावरून आकाशाचा तुकडा दिसत होता. उजेड झाला. "धर, ठोकते," मी म्हटलं. डाग्याने एक कान माझ्याकडे वळवला. पुढच्या वेळी मी मामंजींसारखं ठासून म्हटलं, "धर, ठोकतो!" आणि मग म्हणतच राहिले. वर त्यांचे ओठ हलायचे, खाली माझा आवाज निघायचा. कितव्या बाराला कोण जाणे, डाग्याची हनुवटी माझ्या गुडघ्यावर आली. मला त्या दातांची भीती वाटत होती, तरी मी हात त्याच्या मानेवर ठेवला. शेवटी शेवटी त्यांनी एकदम पन्नासेक बाण सोडले, तेव्हा मी श्वाससुद्धा घेतला नाही. सासूबाईंनी पस्तीस वर्षं काय धरलं होतं ते मला त्या वेळी थोडंसं कळलं.

सगळं शांत झालं. मी उठून दिवा लावला. मामंजी वळले. डाग्या जमिनीवर पसरून झोपलेला पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. आवाज नव्हताच, मी ओठांवरून ओळखलं.

"पाहिलंस सूनबाई? एकदाही चुकलो नाही."

मी त्यांच्या डाव्या कानाशी गेले आणि सगळा जोर लावून ओरडले, "नाही, मामंजी. एकदाही नाही."